हात वर करून बघा

आई, तुला जाऊन सोळा वर्षं झाली. आज मला भांडायचंय, पण ज्याच्याशी भांडायचं तो कुठे बसतो तेच कळत नाही, म्हणून तुला लिहिते. चिखलोलीला मी ब्लाउज शिवायचं दुकान टाकलंय. एक गाळा, दोन मशिनी, त्यातली एक तुझी. समोर नवे टॉवर उभे राहिलेत. तिथल्या बायका दुकान बघायला खाली उतरत नाहीत, आधी फोनमध्ये बघतात. दुकानाच्या नावाखाली गिऱ्हाइकांनी चार शब्द लिहिलेले असतात, पाचपैकी किती तारे तेही दिलेलं असतं. त्यावरून ठरतं, जायचं की नाही. त्याला रिव्ह्यू म्हणतात. माझ्या दुकानाखाली कितीतरी महिने एकच होता, एका ताऱ्याचा. त्या माणसाला पडदे शिवून हवे होते. मी फोनवर म्हटलं, "दादा, मी पडदे नाही शिवत." त्याने लिहिलं, "फालतू सर्व्हिस." दुकानाची पायरीही न चढलेला माणूस.

उल्हासनगरातली आपली खोली आठवते. ओटा आणि मशीन यांच्यात हातभर अंतर. फोडणी द्यायच्या आधी तू गिऱ्हाइकांची कापडं उचलून पलंगावर ठेवायचीस, वास लागू नये म्हणून. मी अकरा-बारा वर्षांची आहे. शेजारच्या सिंधी काकू नवा ब्लाउज घालून आरशासमोर उभ्या आहेत आणि मी लाडात म्हणते, "किती छान दिसतंय." तू तोंडातली टाचणी काढतेस. "तुला कुणी विचारलं?" मग त्यांना म्हणतेस, "भाभी, हाथ ऊपर करो. रस्सी पे कपडा डालते हो ना, वैसे." काकू हात वर करतात आणि काखेत कापड ओढतं. "अरे चलेगा," त्या म्हणतात, "शादी में कौन कपडे सुखाता है?" तरी तू उसवलंसच. त्या गेल्यावर मला म्हणालीस, "घालून न बघता छान म्हणायचं नाही. छान म्हणायचा हक्क घालणारीचा."

तेच धरून चालले गं मी. माझ्याकडेही प्रत्येक बाई हात वर करून बघते, मगच ब्लाउज पिशवीत जातो. मध्ये एकाचा फोन आला होता, "मॅडम, पचास रिव्ह्यू डलवा दूँ? सब पाँच तारे." मी म्हटलं, माझ्या गिऱ्हाइकांना हात आहेत, त्या लिहितील. मग संक्रांतीला दुकानातच हळदीकुंकू केलं. उरलेल्या खणांचे बटवे शिवले, वाण म्हणून. तिळगूळ हातावर ठेवताना म्हटलं, "ताई, दोन शब्द लिहा ना फोनवर." अठरा जणींनी तिथेच बसून लिहिलं. निम्म्या जणींच्या फोनवर खातं नवऱ्याचं, म्हणून मोटरसायकलवर बसलेल्या मिशीवाल्याच्या फोटोशेजारी आलं, "पाठीचा गळा एकदम मनासारखा." काय हसलो आम्ही. चामटोलीची एक ताई म्हणाली, "आमचे हे आता घालूनच फिरतील."

दुसऱ्या दिवशी अठराच्या अठरा गायब. का म्हणून लिहून विचारलं, तर फोनवर उत्तर आलं, तेही माणसाचं नाही: एकाच जागेवरून, एकाच वेळी, भेटवस्तू देऊन घेतलेले रिव्ह्यू चालत नाहीत. वाण म्हणजे लाच? बायका एकत्र बसून लिहिणार नाहीत तर कुठे लिहिणार? आणि नवऱ्याच्या फोनवरून लिहिलं म्हणून त्यांचे दंड, त्यांची पाठ खोटी झाली? पलीकडच्या गल्लीतल्या दुकानाला जयपूर, कोईमतूर कुठून कुठून पाच तारे पडतात. ते मात्र जागच्या जागी. त्या बायका काय ब्लाउज घालून बघायला कोईमतूरहून येतात? आणि माझा पडदेवालाही जागच्या जागी. टॉवरमधली एक बाई परवा दारात येऊन फोन बघत म्हणाली, "तुम्हाला एकच स्टार दिसतोय हो," आणि आत न येताच गेली. मी तिला हाक मारायला हवी होती. हात वर करून बघा म्हणायला हवं होतं. भाडेकराराचे चार महिने उरलेत, त्यानंतर मशिनी कुठे ठेवायच्या ते ठरवावं लागेल.

आता जे सांगायचंय त्यासाठीच हे सगळं लिहिलं. मी शिवलेला एकच ब्लाउज तू घातलास, जांभळा, सुती, आजारपणातला. तेव्हा तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून मी तुला हात वर करायला सांगितलंच नाही. तू आरशात न बघताच म्हणालीस, "बरा झालाय." काल दुपारी मी फोनवर तुझ्या नावाने खातं काढलं आणि दुकानाखाली लिहिलं, "हात वर केला तरी ओढत नाही." पाच तारे द्यायचा धीर झाला नाही, चार दिले. खरे अठरा एका दिवसात गेले. हा खोटा आज सकाळीही तिथेच आहे, पडदेवाल्याच्या वर. काढून टाकायला दोनदा फोन हातात घेतला. नाही काढला, आई.