टीव्हीचा आवाज वाढत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर

रिमोट फुटला. माझ्या कपाळावर. भुवईच्या वर खोक पडली, रिमोटचे दोन तुकडे झाले, सेल कपाटाखाली गेले. आणि नंदीश, माझा नवरा, काय म्हणाला? "रिमोट फोडलास की गं!" मी फोडला! कपाळ माझं, म्हणून गुन्हाही माझाच.

कारण म्हणावं तर आमटीत मीठ जास्त. बाकी पद्धत नेहमीची. आधी दाराला कडी. मग टीव्हीचा आवाज पार वरपर्यंत. मग पट्टा. भिंतीपलीकडे अजीजा खाला राहतात — त्यांना बातम्या ऐकू जाव्यात, मी जाऊ नये, एवढ्यासाठी. आज आवाज वाढवून झाला, पट्टा हाताशी सापडेना, तर रिमोटच फेकून मारला. आणि गंमत झाली! रिमोट फुटल्यावर आवाज वरच अडकला. सगळी गल्ली दणाणली. खालांनी भिंतीवर थापा मारल्या. "नंदीश, टीव्ही कम कर रे बाबा, कान फट रहे!" मग याला दार उघडून हसावं लागलं. "सॉरी खाला, रिमोट बिघडला." चादरींच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकासमोर हसतो ना, अगदी तसं. शेवटी प्लग ओढला.

मी स्वयंपाकघरात कपाळाला हळद दाबून बसले होते. हसू आलं. खरंच आलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

नवा रिमोट आणायला वेळ नाही म्हणे. फोनमध्येच रिमोटचं अ‍ॅप घेतलं त्यानं. टीव्ही लागतो, बंद होतो, चॅनेलही बदलतं. आवाज मात्र वाढत नाही! बटण दाबलं की पडद्यावर आकडे भराभर वर जातात, आणि कानाला तोच बारीक आवाज. प्लग काढून लावल्यापासून टीव्हीखालची स्पीकरची पट्टी हट्टानं बारीकच बोलते. ती जुन्या बाजारातून आणलेली, तिच्या अंगावरची बटणं कधीच बसली आहेत.

सासूबाई कॉटवर. घरात सगळे त्यांना अव्वाच म्हणतात, मीही. संध्याकाळभर एकच धोशा — "आवाज वाढव की गं सिद्धी. कायबी ऐकू येत न्हाय."

खाली पूर्वी सासऱ्यांचे टॉवेलचे माग होते. मागाच्या खडखडाटानं अव्वांचे कान गेले, असं घरात सगळे सांगतात. मागवाल्यांच्या घरोघरी असं एखादं माणूस असतंच, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. पुढे माग विकले, सासरे गेले. भिंतीवर फोटो आहे, अव्वा त्याला रोज ताजा हार घालतात. शिवयोगी अण्णा म्हणजे देवमाणूस — गल्लीत कुणालाही विचारा!

मला एकच कळत नाही. मी मार खात असते तेव्हा अव्वांचं तोंड टीव्हीकडे असतं. कान गेले असतील. डोळे तर आहेत ना?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

हुकूम सुटला. "तू कॉम्प्युटरचा कोर्स केलास न्हवं? मग कर की नीट!" फोन माझ्यापुढे आदळून आंघोळीला गेला.

आंघोळ होईपर्यंत सापडलं! फोन हुकूम देतो टीव्हीला, आणि आवाज येतो पट्टीतून. जुना रिमोट दोघांनाही चालायचा, फोन मात्र फक्त टीव्हीशी बोलतो. टीव्ही बिचारा आपले आकडे वाढवत बसतो आणि पट्टीला त्याचा पत्ताच नाही. सेटिंगमध्ये जाऊन आवाज टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर आणला की झालं. आणला. बटण दाबलं. टीव्ही केवढ्यानं ओरडला! कपाळावरची खोक ठसठसायला लागली.

लगेच होतं तसं करून ठेवलं.

"जमत नाही. वायफायचं काहीतरी असेल," मी म्हणाले. मान खाली घालून म्हणाले. मला हे फार छान जमतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मारलं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

आजही नाही! चहा सांडला, तोही त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर. हात उगारला त्यानं. मग टीव्हीकडे बघितलं. बारीक आवाजात कुणी बाई वांग्याची भाजी शिकवत होती. भिंतीपलीकडे खालांची शिलाई मशीन स्पष्ट ऐकू येत होती. हात खाली आला. माणूस किती भितो! मला नाही — भिंतीला.

दुपारी शेंगाची चटणी कुटायला बसले. बत्ता घेतला की माझं डोकं कुठल्या कुठे जातं. त्याची बोटं उखळात आहेत असं समजून कुटलं. मग गुडघे. मग ते हसणारे दात. चटणीला तेल सुटलं तरी हात थांबेना. अव्वा दारात येऊन बघत उभ्या होत्या. "लई बारीक झाली की गं," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येतंय. उजवी करंगळी त्यानं मागे वाकवली, कट् म्हणेपर्यंत. तोंडात टॉवेल कोंबला होता. घरचाच, सासऱ्यांच्या मागावरचा, जाडजूड — ओरडणं सगळं पिऊन टाकतो. आवाजाशिवाय मारायला शिकला!

डॉक्टरांना सांगितलं, दारात सापडली. त्यांनी पट्टी बांधली आणि दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

संध्याकाळी अव्वा पुन्हा सुरू — "आवाज वाढव की!" मी ओरडले. पहिल्यांदा. "वाढवून काय करू अव्वा? मला मारायला सोपं जावं म्हणून वाढवू?" त्यांनी तोंड टीव्हीकडे वळवलं. ऐकू आलंच नसणार. भिंतीशी बोललं तरी खालांना कळतं, यांना तेवढंही नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

संपलं. शोरूममधल्या कुणीतरी त्याला सेटिंग सांगितलं. आला तो बूट न काढता टीव्हीपुढे. आवाज पट्टीवरून टीव्हीच्या स्पीकरवर आणला, फोनचं बटण दाबलं — आणि भिंती थरथरल्या. माझ्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "एवढं सोपं हुतं व्हय? आणि तुला जमलं न्हाय?"

त्याला कळलं. सगळं कळलं.

पाठ, मांड्या, मग डोकं भिंतीवर. सासऱ्यांचा फोटो खिळ्यावर तिरका झाला. प्रत्येक फटक्याला विचारत होता — "जमत न्हाय? जमत न्हाय?" मी पोटातून ओरडत होते आणि टीव्हीवरचे लोक माझ्याहून मोठ्यानं हसत होते. डाव्या कानात अजून शिट्टी वाजतेय.

माझा फोन घेतला. सकाळी कामावर जातानाही खिशात घालून नेणार म्हणाला. "आता कर कारागिरी!"

एक दिवस हा मला मारूनच टाकणार. आणि खाला म्हणतील, हाँ, उस दिन टीव्ही का आवाज बहुत बड़ा था.

रविवार, १६ नोव्हेंबर

अंग ठणकतंय, आणि अव्वांना काय सुचावं? नंदीश बाहेर गेल्यावर आपला फोन घेऊन माझ्यापाशी बसल्या. "माझ्या बी मोबाईलात बसव की ते रिमोट."

आग झाली अंगाची. म्हटलं, आता दोघं मिळून वाढवा! पण बसवून दिलं. दाखवलं — हे वाढवायचं, हे कमी करायचं. आणि हे, रेघ मारलेला कर्णा, हे दाबलं की आवाज एकदम बंद.

"ते शेवटचं काय म्हणालीस?"

पुन्हा सांगितलं. त्यांनी माझं बोट धरून त्यावर ठेवलं. "हेच न्हवं?" हेच, अव्वा, हेच! किती वेळा सांगू? मालिका ऐकायला ते कशाला लागतंय तुम्हाला?

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळ

काल संध्याकाळी काय झालं ते मला अजून नीट कळलेलं नाही.

शोरूममधून तापूनच आला. कडी. आवाज वर. या वेळी पट्टा नाही, बत्ताच आणला स्वयंपाकघरातून. माझाच बत्ता! पहिला घाव मी हातावर घेतला. दुसरा खांद्यावर. मी किंचाळले, आणि तो शिव्या देत होता, आईबहिणीच्या, "आज जित्ती सोडत न्हाय तुला" —

आणि टीव्ही एकदम गप्प!

घरात फक्त त्याचा आवाज. "जित्ती सोडत न्हाय तुला." एवढा स्पष्ट की तो स्वतःच दचकला. पलीकडची शिलाई मशीन थांबली.

त्यानं फोन काढून बटण दाबलं. आवाज आला. लगेच परत गेला. पुन्हा दाबलं, पुन्हा गेला. माझ्यावर धावला — "तूच करतीयास!" पण माझा फोन त्याच्याच खिशात! त्यानं तो काढून फरशीवर आपटला, काचेचा चुरा झाला. टीव्ही गप्पच.

मग मी ओरडले. नुसतं किंचाळणं नाही, शब्द. गळा फाटेस्तोवर. "खाला! मारतोय मला! बत्त्यानं मारतोय!"

दारावर थापा. "नंदीश! दरवाज़ा खोल! खोल नई तो तोड़ते!" कडी कुणी काढली ते दिसलं नाही, बत्ता लागून कपाळावरची खोक उघडली होती, रक्त डोळ्यांत येत होतं. खाला आत, मागून अख्खी गल्ली. बत्ता त्याच्या हातातच होता. त्यावेळी हसणं जमलं नाही त्याला. लोकांमधून वाट काढत निघून गेला.

हात मोडलाय. खालांनी दवाखान्यात नेलं, तिथं या वेळी मी दारात सापडला असं सांगितलं नाही. खरं ते लिहून घ्यायला लावलं. हे डाव्या हातानं लिहितेय.

वायफाय गेलं असेल. दुसरं काय?

मंगळवार, १८ नोव्हेंबर, संध्याकाळ

वायफाय नव्हतं.

अव्वा दूध घेऊन आल्या. मी कुजबुजल्यासारखं विचारलं, कडी कुणी काढली? लगेच उत्तर आलं. "मीच की. आणि आवाज बी मीच बंद केला." दुधाचा पेला माझ्या डाव्या हातात दिला. "कान शाबूत हायत गं माझे. आमच्या येळी टीव्ही कुटं हुता? खाली माग हुते. तुझे सासरे आदी माग चालू करायचे, मग वर यायचे."

भिंतीवर फोटो नाही. नुसता खिळा.

नंदीश आलाय. बाहेरून दार बडवतोय — "अव्वा! उघड! अव्वा!" अव्वांनी फोन घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला, पार वरपर्यंत.

"कायबी ऐकू येत न्हाय मला," म्हणाल्या. "दूध पी."