बिळातला जोडा

जालना, २० जानेवारी १९५७

चि. नरहर यास रमाअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहिते. खुशाल कोणी न्हाई.

पस्तिशीच्या मास्तराला मुलगी द्यायला भालचंद्रराव तयार झाले, बायकोला आणि तारेला घेऊन वाटूरला तुझं घर बघायला आले, आणि तू त्यांना माळावर लांडग्याचं बीळ दाखवायला नेलंस! दम खायला त्यांनी जोडे काढले, त्यातला डावा लांडगीनं पळवला. रेल्वेतला हेडक्लार्क माणूस जालन्यापर्यंत एका जोड्यावर आला.

वर त्यांच्या बायकोनं संसाराचं सहज विचारलं, तर तू म्हणालास म्हणे, की लांडगा पोटात शिकार भरून आणतो आणि पिल्लांपुढे ओकतो, बाप असावा तर असा. त्या बाई तेव्हापासून धड जेवल्या न्हाईत.

जोडा जल्दी आणून दे. न्हाईतर बिळात मिरच्यांचा धूर करून काढू, असं ते म्हणतात. तारेला मात्र हसू आवरत न्हाई, हे त्यांना बिलकुल पटलेलं न्हाई.

रागावलेली, पण तुझीच,
रमाअक्का

वाटूर, २४ जानेवारी १९५७

ती. सौ. अक्कास नरहरचा शि. सा. न. वि. वि.

पिल्लांना चामडं चघळायला आवडतं, जोडे काढू नका, असं मी बजावलं होतं. ते म्हणाले, उभा जन्म रेल्वेत गेला, मला शिकवू नका.

जोडा बिळाच्या तोंडाशीच आहे, पिल्लं त्यावर भांडून राह्यलीत. पण तिथं जाता येत न्हाई. माणसाचा वास लागला की लांडगी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते, आणि एवढीशी पिल्लं वाटेत कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. लोकांनी धूर कोंडून आजूबाजूची सगळी बिळं संपवली. या माळावर ही एकच जोडी उरली.

माझे जोडे पार्सलनं पाठवतो. हवा डावाच आहे, पण उजवा एकटा ठेवून काय करू? लग्न मोडलं तर जिवाला लागेल. तारा त्या गवतात पालथी पडून मुकाट बघत होती, अशी माणसं थोडी. पण धूर मी होऊ देणार न्हाई.

नरहर

जालना, १ फेब्रुवारी १९५७

नरहर, मायन्याला वेळ न्हाई. तुझे जोडे त्यांना लहान झाले. गवताचा भारा, मिरच्या आणि दोन गडी घेऊन ते आत्ताच वाटूरच्या बसमध्ये चढले. तारा पण हट्टानं बसली. त्याच बसच्या कंडक्टरजवळ ही चिठ्ठी देते. ते माळावर पोचायच्या आधी वाच.

अक्का

वाटूर, २५ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. वन्संना तारेचा नमस्कार. लेकीच्या बाळंतपणामुळे तुम्हाला लग्नाला येता आलं न्हाई, म्हणून सगळं लिहिते.

त्या दिवशी तुमची चिठ्ठी वाचून हे माळाच्या वाटेवर आडवे पडले. बाबांनी गड्यांकरवी यांना उचलून बाजूला ठेवलं, हे पुन्हा आडवे. मंग मीही शेजारी आडवी झाले. तेव्हा गडी म्हणाले, बाईमाणसाला हात लावणं आमच्याच्यानं होणार न्हाई, आणि बिड्या ओढत बसले.

बाबा भारा घेऊन एकटेच पुढे गेले. तेवढ्यात लांडगा शिकारीवरून आला. पिल्लं तोंडाला झोंबली, त्यानं सगळं त्यांच्यापुढे ओकलं आणि रिकाम्या पोटी लांब जाऊन बसला. बाबा झुडपाआड बसले ते उठेचनात. शेवटी मला खुणेनं बोलावून कुजबुजले, की याच्या फासळ्या दिसतात गं. आम्हा पाच बहिणींना त्यांनी एकट्याच्या पगारात वाढवलं. भारा, मिरच्या आणि तो जोडा, सगळं तिथेच राहिलं.

पिल्लं बघता यावीत म्हणून लग्न वाटूरलाच, माळाकडेच्या या घरी, आणि वाजंत्री बिलकुल नको, हा हट्ट बाबांचा. भटजींनी मंगलाष्टकं कुजबुजत म्हटली. मागच्यांना सावधान ऐकूच गेलं न्हाई, त्यामुळे पंगत बसली तरी अक्षता पडतच होत्या. कुणाचं पोर रडलं की बाबा ते उचलून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला नेत.

निघताना आईला रडू फुटलं, तर बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. आई पदर तोंडात धरून रडली, मीही. आणि मंग बाबांनाच हुंदका आला, तो एवढा मोठा, की माळावरून लांडग्यानं ओ दिली.

तुमची माया बाळ-बाळंतिणीला पुरून उरेल, तेवढी इकडे पाठवावी.

तुमची,
तारा