लंकेतली विहीर

२ मे १९६३, चिखली

आले! पासपोर्ट आले! दोन वेगवेगळे — एकावर माझं नाव, माझा फोटो. फोटोत भ्यायल्यासारखी दिसते. दिसू दे!

सिलोनला जायचं. गेल्या वर्षी वर्ध्याच्या श्रमदान शिबिरात ह्यांची तिकडच्या जयसेन मास्तरांशी ओळख झाली. तेव्हापासून पत्रं चालू होती. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हा दोघांनाही बोलावलं आहे. तिथली कॉलेजची पोरंपोरी एका कोरड्या गावात विहीर खोदणार, शाळेसाठी भाजीचा मळा लावणार. हे शाळामास्तर, इंग्रजी चांगलं — ह्यांनी भाषणं द्यायची, पोरांना वळण लावायचं. मी नुसती सोबत.

सासूबाई म्हणाल्या, "लंकेले? सीतेले तिथून आणाले एवढं रामायण झालं, अन् तू बायकोले घेऊन सोताहून चालला!"

हे मोठ्यांदा हसले. मी पदराआड.

५ मे, नांदुरा स्टेशन

एस.टी.त दोनदा उलटी झाली. तरी आनंद काही कमी होत नाही! गाडीला उशीर आहे, म्हणून लिहिते. बाबा सुलतानपूरहून मुद्दाम आले. पुरचुंडीत वांगी, गवार, चवळीचं बी. म्हणाले, "मंजुळा, तिथली माती पह्यले हातात घेऊन पाहजो. मंग बी टाक."

मळ्यात वाढलेली मी. मला हे सांगायला हवं का! पण डोळे भरून आले.

९ मे

समुद्र!!

काय लिहू? धनुष्कोडीला रेल्वे संपते आणि पुढे नुसतं पाणी. मी बोटीच्या कठड्याला चिकटून. ह्यांना मळमळलं, मला काहीच नाही! "तू तर पक्की खलाशी निघाली वं," म्हणाले आणि डोकं धरून बसले.

१४ मे, शिबीर

तीस पोरंपोरी. कोणी सिंहली बोलतं, कोणी तमिळ. आपसांत इंग्रजी. मी मराठी! तरी चालतं. 'अक्का' म्हणतात मला. आपल्यासारखीच अक्का! सोमावती नावाची अठरा वर्षांची पोर आहे, ती माझा हात सोडतच नाही. तिला डॉक्टर व्हायचं आहे. कुदळ मात्र चमच्यासारखी धरते. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तळहातांना फोड. मी खोबरेल लावलं, फडकी बांधली, आणि कुदळीला कंबर कशी द्यायची ते करून दाखवलं. तेव्हापासून पोरी माझ्यामागे रांगेनं.

गावातल्या म्हाताऱ्या नाचणीची रोटी करतात, ओलं खोबरं घालून. मी तीन खाल्ल्या. माती लाल. हातात घेतली. चांगली आहे.

२० मे

ह्यांचं भाषण रोज संध्याकाळी. आज निम्मी पोरं पेंगत होती, उरलेली माझ्याकडे चवळीचे वाफे पाहायला पळाली. हे अर्ध्या जेवणातून उठले. मला वाईट वाटलं — आणि खरं सांगते, थोडी मजाही वाटली.

२५ मे

विहीर दोन पुरुष खोल गेली. पण उकरलेली माती काठालाच टाकतात! बाबांच्या विहिरीवर आम्ही दहा पावलं लांब टाकायचो. ह्यांना म्हटलं, "जयसेन मास्तरांना सांगा ना, ढीग हटवा म्हणून."

"ते नकाशे काढून काम करून राह्यले. शिकलेले लोक आहेत. आपण मधात काऊन बोलाव?"

मला इंग्रजी यायला हवं होतं.

२७ मे

नखांत अजून लाल माती आहे, तशीच लिहिते.

सकाळी पाणी घेऊन गेले, तर काठाजवळ जमीन चिरलेली. वीतभर लांब, बोट जाईल एवढी फट. आणि आत कडेनं माती झरत होती — बारीक, पिठासारखी. खाली चौघं जण, त्यांत सोमावती. मी ओरडले, "वर या! पोरांनो, वर या! माती येते!" मराठीतच ओरडले. काय सुचणार दुसरं? पण माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, चौघं शिडीवर. शेवटची सोमावती. तिला दंडाला धरून ओढलं आणि तशीच मागे पडले. तेवढ्यात ढिगासकट अख्खा काठ आत गेला!

धूळ. मग सोमावती रडायला लागली, मीही.

हे धावत आले. मला धरलं. सगळ्यांसमोर! मग जयसेन मास्तरांकडे जाऊन बराच वेळ इंग्रजीत बोलले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला.

"काय सांगितलं?"

"खरं ते. तू परवाच सांगितलं होतं, मीच सांगितलं नाही म्हणून."

२८ मे

आजपासून मी बोलते, हे इंग्रजीत सांगतात. शब्दन् शब्द. माती लांब टाकली, काठ उतरते केले. संध्याकाळचं भाषण ह्यांनी आपणहून बंद केलं.

४ जून

पाणी लागलं!!! आधी नुसती ओल, मग गुडघ्याएवढं. पोरं चिखलात नाचली, गावच्या म्हाताऱ्याही. मला खांद्यावर उचलायला निघाली होती — लाज वाटून पळाले! वाफ्यांत चवळी चार पानांवर आली आहे.

संध्याकाळी जयसेन मास्तर आले. ह्यांच्याशीच बोलले, इंग्रजीत. मग हे माझ्याकडे वळून —

"शेजारच्या दोन गावांतही विहिरी अन् मळे करायचे आहेत म्हणते. पोरींच्या तुकडीवर माणूस पाह्यजे, सहा महिने. ते मले इचारून राह्यले, तुले ठेवू काय. मी म्हटलं, तिलेच इचारा. आता मीच इचारतो. राहशील?"

मी उठून चवळीला पाणी घालू लागले.

५ जून

छे! शक्यच नाही. ह्यांची शाळा चोवीसला उघडते, ह्यांना जायलाच हवं. मी एकटी? परक्या देशात? सासूबाई काय म्हणतील? चिखलीत लोक नावं ठेवतील. लग्नाला सहा वर्षं झाली, एक रात्र माहेरी राहायचं तरी दोघांना विचारून राहिले आहे मी.

आणि तरी दिवसभर मी काय करत होते? शेजारच्या गावची माती पाहायला गेले होते सोमावतीबरोबर! भुसभुशीत, काळपट. वांगी छान येतील.

ह्यांना म्हटलं, "तुम्ही ठरवा."

"एकदा मी ठरवलं, अन् काठ पडला. आता तू ठरव."

नाही म्हणणार. उद्या सकाळी सांगते. झोपते आता.

९ जून, तलैमन्नार बंदर, सिलोन

"भेव नाही ना वाटत?" हे म्हणाले.

"वाटते," म्हटलं.

बोट सुटली. हे बोटीत. मी धक्क्यावर.