संपाचा अकरावा दिवस

प्रिय ठमे,

तुझा निरोप येऊन तीन आठवडे झाले. 'बाबांनी तुझा व्हिडिओ पाहिला, छान आहे म्हणाले,' एवढंच लिहिलं होतंस. मी हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळा झालो. इतक्या वर्षांची आपली मैत्री आणि मी तुला एका चित्रावर कटवलं. आज कागदावर लिहितोय, कारण फोनवर खोडणं फार सोपं असतं आणि मला त्याची वाईट सवय लागली आहे. तू म्हणशील, बोरूला आता उतारवयात पत्रं लिहायची हौस आली. हौस नाही गं. शेवटपर्यंत वाच म्हणजे झालं.

हे व्हिडिओचं खूळ डोक्यात कुठून शिरलं, असं तू मागे विचारलं होतंस. कॉलेजात वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय. मार्क्स आला की मुलं व्याख्या घोकतात, पाच मार्कांचं उत्तर लिहितात आणि परीक्षेच्या हॉलबाहेर पडताना तो तिथेच सोडून येतात. मला वाटलं, हे सगळं साध्या भाषेत, परीक्षा नसलेल्या माणसांना सांगावं. म्हणून मागच्या खोलीत, खिडकीला गादी लावून आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर फोन बांधून सुरुवात केली. शेजारच्या बाईंचा मिक्सर सुरू झाला की थांबायचं, बंद झाला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या व्हिडिओत हातात एक रिकामी बाटली घेतली होती. वाळू, सोडा, चुनखडी मालकाने विकत आणली. भट्टीही त्याची. मग या सगळ्याच्या किमतीपेक्षा बाटलीची किंमत जास्त कशी झाली? मधे कुणाचे तरी हात लागले म्हणून. कामगार आपल्या पगाराइतकं काम दिवसाच्या काही तासांतच करून टाकतो, उरलेल्या तासांचं कुणाकडे जातं, ते मी फळ्यावर घड्याळ काढून दाखवलं. कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी खाली लिहिलं, 'मी एवढी का दमते ते आज कळलं.' ते वाचून मी दोन दिवस हवेत होतो.

पण बहुतेकांना माझं बोलणं कोरडं वाटायचं. 'सर, पुस्तक वाचून दाखवताय का?' असं एकाने लिहिलं आणि ते मला लागलं, कारण खरं होतं. तेरावा व्हिडिओ संपावर होता. माणसं एकेकटी असताना काहीच नसतात आणि एकत्र आली की त्यांना आपण कोण आहोत ते कळतं, एवढंच सांगायचं होतं. तीनदा रेकॉर्ड केलं, तिन्ही वेळा जांभई आली, माझी मलाच. चौथ्या वेळी तोंडातून निघून गेलं, 'माझे वडील काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते.' इथपर्यंत खरं आहे. पण मग मी थांबलोच नाही. संपात मॅनेजर स्वतः घरी आला, फोरमन करतो म्हणाला, आणि माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, म्हणाले, 'मला एकट्याला नको साहेब. द्यायचंच तर सगळ्यांना द्या.' ठमे, हे सांगताना मी डोळे पुसले. खरोखर ओले होते. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला.

तो मॅनेजर कुणाच्या घरी आला होता, हे जगात आता चारच माणसांना ठाऊक आहे. आपण दोघं तुमच्या खाटेखाली होतो. त्याचे बूट कुरकुरत होते आणि तू हसू दाबायला माझ्या दंडाला चावली होतीस. तुझ्या बाबांनी, काकांनी, त्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि ते वाक्य म्हणाले. आवाजही चढवला नाही. तो उठून गेला तेव्हा ते कुरकुरणारे बूट कुठे जातात ते बघायला आपण त्याच्या मागे मागे गेलो. तो तीन दारं ओलांडून आमच्याकडे वळला. तू म्हणालीस, 'अय्या, तुमच्याकडे पण!' आणि आपल्याला त्याची केवढी गंमत वाटली होती. अण्णा काय म्हणाले ते मी ऐकलं नाही, कारण आईने दार लावून घेतलं होतं.

भट्टी विझली तर आतली काच थिजते आणि भट्टी निकामी होते, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. संपाचा सगळा जोर तिथेच होता. मालकाने भट्टी कशीबशी धुगधुगती ठेवली होती, पण ती सांभाळायला पक्का हात फक्त दोघांचा, काकांचा आणि अण्णांचा. अकराव्या दिवशी सकाळी अण्णा मागच्या फाटकाने आत गेले. धुराडं पुन्हा जोमाने धूर ओकायला लागलं तेव्हा बाहेर बसलेल्यांना कळलं. माणसं आमच्या दाराकडे निघाली होती. काका आडवे आले. म्हणाले, 'त्याचं पोर तापाने फणफणलंय. औषधपाण्यासाठी गेलाय. घरच्यांना हात लावाल तर याद राखा.' मला ताप नव्हता. मी अंगणात गोट्या खेळत होतो. आईने मला खेचून आत नेलं, चादरीत गुंडाळलं आणि दोन दिवस उठू दिलं नाही. तू रोज येऊन माझ्या कपाळाला हात लावायचीस आणि म्हणायचीस, आज जरा उतरलाय. मी कण्हायचो. पहिल्या दिवशी आईच्या धाकाने, दुसऱ्या दिवशी मला ते जमायला लागलं होतं म्हणून.

पुढचं तुला मी काय सांगू, तू ते भोगलंस. अठराव्या दिवशी संप मोडला, सहा जणांना परत घेतलं नाही आणि त्यांत काका पहिले. ते रस्त्याच्या कडेला दप्तरं आणि बॅगा शिवायला बसले. अण्णा फोरमन झाले, आम्ही दोन खोल्या आणि खिडकीपाशी टेबल असलेल्या घरात गेलो. त्या टेबलावर मी शिकलो. श्रमाची चोरी म्हणजे काय हे ज्या पुस्तकात वाचलं, तेही त्याच टेबलावर वाचलं. तू नववीत शाळा सोडलीस आणि पुढे कंडक्टर झालीस. एकदा मी तुझ्या बसमध्ये चढलो होतो, तुला आठवत नसेल. गर्दी होती. मी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि तू तिकीट देऊन पुढे गेलीस. तू मला ओळखलं होतंस, असं मला आज वाटतं.

आईनेही तो व्हिडिओ पाहिला होता. कसा वाटला, हे मी मुद्दामच विचारलं नाही. मागच्या सोमवारी तिचा फोन आला, 'काका येऊन गेले.' दोन बस बदलून, काठी टेकत. ते तिला सांगायला आले होते की पोराला रागावू नका आणि ते काढायला लावू नका. 'त्याच्या बापाचं नाव चांगलं झालंय, होऊ द्या. माझं काय अडलंय?' असं म्हणाले. आईने त्यांना चहा दिला, रिक्षापर्यंत सोडलं आणि मग मला फोन केला. म्हणाली, 'तुझ्या बापाने त्या माणसाची नोकरी घालवली. तुझा बाप मरेपर्यंत त्या घरावरून मान खाली घालून जायचा. निदान त्याला लाज होती. तू तर त्यांच्या तोंडचं वाक्यसुद्धा ठेवलं नाहीस.' ठमे, मी पन्नाशी उलटलेला माणूस, स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिलो. अण्णांना मी खोटा मोठेपणा दिला असं मला वाटत होतं. त्यांच्याकडे जी एक खरी गोष्ट होती, ती लाज, तीही मी त्यांच्याकडून काढून घेतली.

काल सकाळी तो व्हिडिओ काढून टाकला. त्या जागी दोन मिनिटांचा दुसरा टाकला, खिडकीला गादी न लावता, मिक्सरच्या आवाजासकट. त्यात एवढंच सांगितलं की मी खोटं बोललो. माझे वडील संपफोडे होते, मी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या माणसाची आहे आणि त्यांना न विचारता मी ती घेतली. काकांचं नाव घेतलं नाही. बरेच जण सोडून गेले. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी लिहिलं, 'सर, निदान तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.'

आता पत्राचं कारण सांगतो. आपल्या कारखान्यात आता कंत्राटी मुलं आहेत, त्यांनी नवी संघटना काढली आहे. जुना व्हिडिओ बघून त्यांनी आपल्या खोलीत लावायला अण्णांचा फोटो मागितला होता. मी त्यांना खरं कळवलं. वाटलं, शिव्या देतील. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'मग त्या दुसऱ्या काकांचा फोटो पाठवा.' तुझ्या लग्नातला एक फोटो माझ्याकडे आहे. काका त्यात कडेला उभे आहेत, कुणाकडे तरी बघून हसताहेत. तेवढा भाग कापून पाठवणं पाच मिनिटांचं काम होतं, कात्री हातात घेतलीही होती. मग हा कागद काढला. तू काकांना विचारशील का? थेट त्यांना विचारायचं तोंड माझ्याकडे नाही, आणि तू विचारावंस असं म्हणायचा हक्कही नाही. ते नको म्हणाले तर नको. मी त्या मुलांना सांगेन, खिळा ठोका आणि भिंत रिकामीच राहू द्या.

तुझाच, ताप नसलेला,
बोरू