बार्जवरच्या स्वयंपाकिणीला उतरविण्याबाबत

प्रति,
मा. बेवारस जलयान अधिकारी,
उत्तर किनारा सागरी कार्यालय,
पालघर.

अर्जदार : एकनाथ धर्मा तामोरे, वय ५८, धंदा मासेमारी, राहणार तारापूर. सध्या मुक्काम : खाडीत उभी असलेली विनानावाची बार्ज.

विषय : सदर बार्जवर 'स्वयंपाकी' म्हणून नोंद झालेल्या श्रीमती भागी धर्मा तामोरे, वय ८४, म्हणजे माझी आई, हिला आज दुपारच्या भरतीला उतरवून बोईसरच्या दवाखान्यात नेण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) बार्ज सोडून न जाण्याविषयी आपले पत्र, दि. ३० मे २०२५.
२) माझे यापूर्वीचे पाच अर्ज.
३) आपल्या कार्यालयाची हजेरी नोंद, दि. २१ जुलै २०२५.

महोदय,

आज अमावास्या आहे आणि भरती दुपारी साडेबाराला आहे. ओहोटीला बार्जभोवती मांडीएवढा चिखल असतो, त्यातून आजारी माणूस नेता येत नाही. म्हणून हा अर्ज आपण बारा वाजण्यापूर्वी वाचावा, ही पहिली विनंती. बाकीची हकीकत सविस्तर लिहितो, कारण मागच्या अर्जावर 'सविस्तर नाही' असा शेरा मारून तो परत आला होता.

१. दिनांक १२ मे रोजी मी, माझा भाऊ आनंदा व तीन खलाशी आमच्या 'दर्याप्रसाद' बोटीने जाळी टाकण्यास गेलो असता, मोठ्या जहाजांच्या वाटेच्या अलीकडे ही बार्ज विनामाणूस, विनादिवा वाहत येताना दिसली. अंधारात एखादी बोट तिच्यावर आदळली असती तर माणसे गेली असती. आम्ही जाळी गुंडाळली, तिला दोर बांधला आणि अकरा तास ओढून खाडीत आणली. हे आम्ही कोणाच्या सांगण्यावरून केले नाही. आमच्याकडे धन्याविना वाहणारी बोट दिसली तर ती सोडून येत नाहीत. जो आणतो तो तिच्यावर नारळ फोडतो आणि मालक येऊन दोर हातात घेईपर्यंत तिची राखण करतो. तोवर गाव त्यालाच तिचा तांडेल, म्हणजे कप्तान, म्हणते. माझ्या वडिलांनी आयुष्यात दोनदा अशी राखण केली. दोन्ही वेळा चार दिवसांच्या आत गुजरातकडून मालक आले, पाया पडले आणि आपली बोट घेऊन गेले.

२. तिसऱ्या दिवशी आपल्या कार्यालयाचे कर्मचारी श्री. शैलेश हे नमुना घेऊन आले. त्यात 'जहाजाचा मास्टर' असा रकाना होता. त्यांनी तो रिकामा ठेवला होता. मी म्हणालो, रिकामा कशाला, मी आहे ना. आणि माझ्या हाताने, खरे सांगायचे तर थोड्या ऐटीत, माझे नाव लिहून सही केली. खाली बारीक अक्षरात काय छापले होते ते मी वाचले नाही. चूक माझी आहे आणि ती मी यापूर्वीच्या पाचही अर्जांत कबूल केली आहे.

३. त्यानंतर असे कळले की बार्जचा मालक म्हणजे परदेशातल्या कुठल्याशा बेटावरची कंपनी असून तिने बार्ज हरवण्याच्या दोन दिवस आधी ती दुसऱ्या कंपनीला विकली होती. दुसरी कंपनी म्हणते, ताबा मिळालेला नाही. दोघींचे भांडण कोर्टात गेले. २७ मे रोजी कोर्टाची माणसे होडीने आली, केबिनच्या दाराला कागद चिकटवला, त्याचा फोटो काढला आणि गेली. बार्ज अटकेत आहे, असे त्या कागदावर लिहिले आहे. तिला जामीन मिळायचा की नाही हे कोर्ट ठरवील. पण आपले ३० मेचे पत्र आले की अटकेतील जहाजाच्या मास्टरने बदली माणूस आल्याशिवाय जहाज सोडणे हा गुन्हा आहे. म्हणजे अटक बार्जला आणि आत मी.

४. बदली माणूस म्हणून मी आनंदाचे नाव दिले. त्याच्याकडे पात्रता प्रमाणपत्र नाही म्हणून ते नाकारले गेले. मी विनयाने निदर्शनास आणले की प्रमाणपत्र माझ्याकडेही नाही. त्यावर लेखी उत्तर आले की, माझे मास्टर असणे ही वस्तुस्थिती आहे, आनंदाचे असणे ही नेमणूक होईल, आणि नियम नेमणुकीला लागू होतात. हे उत्तर मी केबिनमध्ये बसून इतक्या वेळा वाचले आहे की मला पाठ झाले आहे. अजून कळलेले नाही.

५. सुटकेचा अर्ज अर्जदाराने स्वतः अकरा ते एकच्या दरम्यान खिडकीवर दाखल करावा, असा आपला नियम आहे. त्यानुसार ९ जूनला मी पालघरला हजर झालो. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला, वाचला आणि विचारले, मग आत्ता बार्जवर कोण आहे? मी खरे ते सांगितले, की कोणी नाही. माझी हजेरी हाच माझ्याविरुद्धचा पुरावा ठरला. संध्याकाळी पोलिसांनी मला होडीत बसवून परत आणून सोडले आणि 'जलवाहतुकीस धोका निर्माण केल्याबद्दल' नोटीस दिली. महोदय, दिवसातून दोनदा ही बार्ज चिखलात बसलेली असते. तिच्यापासून धोका असला तर खेकड्यांना आहे. मोठी जहाजे दर हंगामात आमची जाळी कापून निघून जातात, त्यांच्या एकाही मास्टरला कोणी थांबवून नाव विचारल्याचे मला आठवत नाही.

६. आता मूळ विषय. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे. आमच्या घराचे कौल मला बार्जवरून दिसते, पण तिला मी दिसत नाही. जुलैपासून तिने जेवण सोडले. "तुजे बापाला चार दिवसांत मालक भेटला, तुजा मालक हाय कुठं?" असे ती माझी पत्नी नलू हिच्याकरवी रोज विचारत असे. नलू डबा घेऊन होडीने येते, तिचेही बोलणे मला ऐकावे लागते. "तुमी या लोखंडाशीच लगीन लावलंय काय," असे ती म्हणाली. मी डबा उघडला. शेवटी २१ जुलैला गावातल्या चौघांनी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून भरतीच्या वेळी वर चढवले. फक्त तासाभरासाठी. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, भात मागितला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मी बसून रडलो. मग तिला नुसते बसवेना. तिने नलूच्या टोपलीतला जवळा पुढे ओढला आणि निवडायला घेतला.

त्याच वेळी श्री. शैलेश हजेरी घ्यायला आले. त्यांनी आईकडे पाहिले, जवळ्याकडे पाहिले, स्टोव्हकडे पाहिले आणि लिहिले : जहाजावरील व्यक्ती, दोन. मास्टर, एक. स्वयंपाकी, एक. मी म्हणालो, साहेब, ही माझी आई आहे. ते म्हणाले, नात्याचा रकाना नाही. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, आईने दिलेला चहा त्यांनी घेतला. परंतु चहा घेतल्याने नोंद अधिकच पक्की झाली.

तासाभराने त्याच चौघांबरोबर आईला पाठवले तेव्हा जेटीवरच्या शिपायाने होडी अडवून परत फिरवली. नोंद असलेली व्यक्ती कमी करायची तर उतरण्याचा नमुना, मास्टरची सही आणि त्या व्यक्तीची नाविक पुस्तिका लागते. नमुना मी भरला, सही मीच केली. नाविक पुस्तिका माझ्या आईकडे नाही. तिच्याकडे रेशन कार्ड आहे, आधार कार्ड आहे आणि साठ वर्षे मासळीची टोपली डोक्यावरून वाहिल्याने वाकलेली मान आहे. यांपैकी काहीही चालत नाही.

७. काल दुपारपासून तिचा श्वास लागला आहे. तारापूरच्या डॉक्टरांनी कालच फोनवर ऐकून सांगितले की उद्याच्या भरतीला बोईसरला हलवा, परवाची वाट पाहू नका. ती आता बोलत नाही. माझे बोट धरून पडली आहे. हा अर्ज मी उजव्या हाताने लिहीत आहे, डावा तिच्याकडे आहे. अक्षराबद्दल क्षमस्व.

हा अर्ज माझा मुलगा दर्पण चिखलातून चालत जाऊन आपल्याकडे आणत आहे. अर्जदार स्वतः का आला नाही, असे त्याला खिडकीवर विचारू नये. त्याला राग लवकर येतो आणि मला त्याला दोष देता येत नाही.

मी पाच अर्जांत सुटका मागितली. या अर्जात मागत नाही. मला पाहिजे तितके दिवस ठेवा, वहीत माझे नाव पक्के करा, मी परत येऊन इथेच बसेन. माझ्या आईचे नाव तेवढे खोडा.

परवानगी बारापर्यंत आली तर परवानगीसह, नाही आली तर परवानगीविना, साडेबाराला मी आईला उचलून होडीत ठेवणार आहे आणि तिच्याबरोबर जाणार आहे. नोंदीप्रमाणे त्या वेळी जहाजावरील व्यक्ती शून्य होतील. हा गुन्हा आहे हे मला ठाऊक आहे आणि तो मी आगाऊ कबूल करतो, म्हणजे चौकशीत कोणाचा वेळ जाणार नाही. अटक करणे भाग असल्यास ती जेटीवर करू नये, तिथे आईचा वेळ मोडेल. बोईसरच्या दवाखान्यात करावी. मी तिच्या खाटेशीच सापडेन.

आपला, अजूनही नम्र,

(सही)
एकनाथ धर्मा तामोरे
मास्टर, वस्तुस्थितीनुसार

दिनांक : २४ जुलै २०२५, सकाळी आठ वाजता
ठिकाण : बार्ज, तारापूर खाडी

सोबत :
१) हजेरी नोंदीची प्रत.
२) डॉक्टरांनी फोनवर सांगितलेले, नलूच्या अक्षरात.
३) उतरण्याचा नमुना, स्वयंपाकीच्या अंगठ्यासह. अंगठा पुसट उठला आहे. तिच्या हातात जोर नव्हता, म्हणून तो मी धरून टेकवला. पण तो तिचाच आहे, आणि तो उठवला तेव्हा ती जिवंत होती.