डाग फिल्मवरच आहेत

कोल्हार,
१८ नोव्हेंबर

प्रिय राजेश्वरी,

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला तेव्हा मी 'नंतर बोलू' म्हणून ठेवून दिला. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर चाळीस वर्षांची मैत्री तिथल्या तिथे उधळली असती. आता शांतपणे लिहायला बसले आहे. राग गेलेला नाही, पण निदान ओळीत बसतो आहे.

तू म्हणालीस, "एस्तेर, अगं साठी उलटली आपली. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, हात थरथरतात. उगाच माझ्या दुकानातल्या फिल्मला नावं ठेवू नकोस." हात थरथरतात हे खरं आहे. चहाची बशी वाजते माझ्या हातात, आणि चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक धरलं की शेजारची बाई हळूच त्याला बोट लावते. पण थरथरणाऱ्या हातानं फोटो हलतो, राजेश्वरी. त्याला भोकं पडत नाहीत.

मुक्ताबाई तुला माहीत नाही. आमच्या गावची सुईण. निम्मं कोल्हार तिच्या हातावर जन्मलं, माझा मुलगासुद्धा. आधार कार्डावरचा सोडला तर आयुष्यात तिचा एकही फोटो नव्हता, म्हणून माझा तो लाकडी कॅमेरा घेऊन मी तिच्या दारात गेले. तुझ्याकडून आलेल्या नव्या खोक्यातल्या, पोस्टकार्डाएवढ्या दोन शीट वापरल्या. एका शीटवर एकच फोटो, त्यामुळे ती म्हातारी दोनदा श्वास रोखून बसली, नव्वदीच्या वयात. मी घरी येऊन न्हाणीघराची खिडकी काळ्या कापडानं बंद केली, दोन्ही धुतल्या, वाळवल्या आणि प्रिंट काढले. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत टाचणीच्या टोकाएवढ्या काळ्या ठिपक्यांची रांग. मी तरी प्रिंट तिला दाखवला, कारण कबूल केलं होतं. तिनं तो उन्हात धरला आणि म्हणाली, "माज्या तोंडावर देवी कदी आल्या गं बाई? लई साथी बघितल्या म्या, पन मला देवी आल्याच न्हाईत." मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

तुला सांगितलं तर तू म्हणालीस, कॉम्प्युटरवर पुसून टाक, दोन मिनिटांचं काम आहे. पुसायचंच होतं तर मोबाईलवर काढला असता की. तो सात किलोचा कॅमेरा आणि त्याचं तीन पायांचं तिकाटणं या वयात मी मिरवायला नाही नेत.

आपण तपासायला कुठे शिकलो ते तू विसरलीस का? नगरच्या त्या मिशन हॉस्पिटलच्या एक्स-रे खोलीत, तू आणि मी, एकाच वर्षी लागलेल्या. साखर कारखान्यातला तो सत्यवान आठवतो? त्याच्या उजव्या फुप्फुसावर डाग दिसला आणि डॉक्टरांनी टीबीची औषधं लिहायला पेन काढलं. मी म्हणाले, डाग फुप्फुसात नाही, फिल्मवर आहे. केवढे ओरडले होते ते माझ्यावर! कालची मुलगी मला शिकवते म्हणाले. तेव्हा तूच पुढे आलीस. दुसऱ्या खोक्यातली फिल्म घालून तू सत्यवानचा फोटो पुन्हा काढलास आणि दोन्ही फिल्म दिव्यावर शेजारी शेजारी लावल्यास. दुसरी स्वच्छ होती. डॉक्टर पेन खिशात घालून निघून गेले, आणि तू माझा दंड इतका जोरात दाबलास की रात्री वळ उमटला. पुढे तुझं लग्न झालं, तू पुण्याला गेलीस. मी त्याच खोलीत आणखी तीस वर्षं काढली. डाग माणसाचा की फिल्मचा, हे ओळखणं माझी भाकरी होती.

म्हणून या वेळीही तेच केलं. एक शीट कॅमेऱ्यात घातलीच नाही. अंधारात खोक्यातून काढली, क्षणभर दिव्याचा सगळीकडे सारखा उजेड दिला आणि धुतली. ठिपक्यांची तीच रांग, कडेपासून तेवढ्याच अंतरावर. मग माझ्याकडे दुसऱ्या कंपनीच्या जुन्या खोक्यातल्या पाच शीट उरल्या होत्या, त्यातली एक त्याच पाण्यात, त्याच औषधात, याच थरथरत्या हातांनी धुतली. काचेसारखी स्वच्छ. तरीही मनात तुझं बोलणं टोचत होतं, म्हणून हॉस्पिटलातल्या हल्लीच्या टेक्निशियनला, कृपाला, रविवारी जेवायला बोलावलं. तिनं जन्मात फिल्म धुतली नव्हती. त्यांचं सगळं आता कॉम्प्युटरवर. दुपारी तिला तुझ्या खोक्यातली एक शीट देऊन न्हाणीघरात उभं केलं आणि मी बाहेरून एकेक पायरी सांगत गेले. तिचे हात तिशीचे, नजर घारीची. डाग तेच.

पट्टी लावून मोजलं तेव्हा आणखी कळलं. शीट अर्धा मिलिमीटर जास्त रुंद कापल्या आहेत, त्या कॅमेऱ्यात घालायच्या होल्डरमध्ये अडकतात आणि जोर लावला की ओरखडा पडतो. आणि पंचवीसपैकी सात शीटना कोपऱ्यातली खाचच नाही. अंधारात ती खाच चाचपूनच कळतं ना, उजेड टिपणारा लेप कुठल्या बाजूला आहे ते! फिल्मचा मोठा रोल आणून भोसरीत कापून घेते असं तू अभिमानानं सांगितलं होतंस. तो माणूस तुझ्यासमोर कापतो का गं? की तू खोकी न उघडता नुसती लेबलं लावतेस?

मुक्ताबाईकडे मी पुन्हा गेले. ती दारातच म्हणाली, "त्या खोक्यातलं नगं हां." जुन्या खोक्यातली शीट घातली. या वेळी श्वास रोखायला मी सांगितलंच नाही, तीच तयारीची झाली होती. प्रिंट नेऊन दिला, तेव्हा सुनेला हाक मारून म्हणाली, "ही बघ, ही मी हाय." तो प्रिंट तिनं मला परत दिला नाही. मीही मागितला नाही.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पार्सलात तळाशी एक टाइप केलेला कागद होता. 'मी, एस्तेर साळवे, तीस वर्षांहून अधिक अनुभव असलेली तंत्रज्ञ, प्रमाणित करते की ही फिल्म तपासली असून ती निर्दोष आहे.' खाली सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली. तो नगरच्या कॉलेजात दाखवून तू तिथल्या फोटोग्राफीच्या वर्गाला वर्षाची फिल्म देणार आहेस, हे मला तुझ्याकडून नाही, तिथल्या सरांकडून कळलं. दुकान कसं चाललं आहे ते मला ठाऊक आहे. भाऊजी गेल्यापासून तू एकटी ते कसं ओढतेस तेही. तरी ती सही मी करणार नाही. ती पोरं पहिल्यांदा फिल्म हातात घेतील, डाग पडतील, आणि आपलेच हात वाईट असं समजून कायमची सोडून देतील. मी माझा अहवाल लिहिला आहे, त्याची प्रत सोबत आहे, डागांच्या चारही फिल्म आहेत. सोमवारी मी स्वतः एसटीनं जाऊन तो कॉलेजात देणार. तुला आधी पाठवते, कारण पाठीमागून वार करायची मला सवय नाही. मधल्या चार दिवसांत तू विकलेली खोकी परत मागवलीस तर तेही अहवालात लिहीन, मोठ्या अक्षरात. मैत्री मोडायची असेल तर ती तुला मोडावी लागेल. मी मोडणार नाही, आणि सहीही करणार नाही.

तरीही तुझीच,
एस्तेर