मोठ्या बाईंची कॉलर कडक

आदरणीय विहीणबाई यांना,

हात जोडून नमस्कार. दोन्ही हात जोडून, कारण इस्त्री आत्ताच खाली ठेवली आहे. तुमची कंबर आता कशी आहे? व्याहीबुवांचा खोकला गेला का, की अजून मुक्कामालाच आहे? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आमच्या ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी महिनाभर लिहिणं-वाचणं बंद केलंय, म्हणून रोज सकाळी मला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायला लावतात. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. मी पहिलं पान संपवेपर्यंत दारात दुसऱ्या दिवसाचं वर्तमानपत्र पडतं. तेव्हा माझ्या अक्षराला हसू नका. तुमचं अक्षर मोत्यांसारखं, माझंही मोत्यांसारखंच, फक्त दोरा तुटून घरभर सांडलेल्या.

आता मुद्द्याचं. (मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो, तुमच्या जावयाला विचारा. लहानपणी त्याला रागवायला लागले, की मी शेवटाला येईपर्यंत तो खेळून परत आलेला असायचा.) तुम्ही नातीसाठी, आपल्या मुंगीसाठी, कवितांचं ते जाड पुस्तक पाठवलंत. त्यातली पहाटेची कविता तिनं वर्गात छान म्हटली, असं तुमच्या लेकीनं तुम्हाला फोनवर सांगितलं. विहीणबाई, ते खोटं होतं. लेकीला बोल लावू नका, हॉस्पिटलातली ड्यूटी करून दमून आली होती, तिला तुमचं मन मोडवेना. खरं असं झालं, की मुंगी तिसऱ्या ओळीला अडली. त्या ओळीत सूर्याला सूर्य सोडून बाकी सगळं म्हटलंय. (सूर्य म्हणायला कवीला काय होतं, कोण जाणे. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कळत असेल.) सगळा वर्ग हसला. तेव्हापासून दोन महिने पोरीनं शाळेत तोंड उघडलं नाही. घरीसुद्धा नुसती मान. दूध हवं का? मान. नको का? तीच मान, आडवी. आठ वर्षांची पोर आणि घरात ऐकू काय येतं, तर घड्याळ.

मग वर्गाच्या बाईंची चिठ्ठी आली. मुंगी लेखी उत्तम, तोंडी शून्य. येत्या शनिवारी मोठ्या बाई स्वतः वर्गात येऊन प्रत्येकाकडून एक कविता म्हणून घेणार. मुंगी बोलली नाही, तर तिला एक वर्ष मागं ठेवावं लागेल. तुमची लेक रडली. तुमचा जावई म्हणाला, ‘असू दे, मीपण एकदा मागं राहिलो होतो,’ त्यावर ती जास्तच रडली.

शाळा सुटली की मुंगी आमच्या दुकानात येते आणि इस्त्रीच्या टेबलाखाली कपड्यांच्या गठ्ठ्यांत बसते. आता आमच्या दुकानाची एक रीत तुम्हाला माहीत नसेल. लग्न होऊन आले तेव्हा मला नीट लिहिता येत नव्हतं, त्यामुळे कुणाचे कपडे कुठले ते मी डोक्यात ठेवायची. एकदा बँडवाल्याचा सोनेरी बटणांचा कोट डॉक्टरांकडे गेला आणि डॉक्टरांचा पांढरा कोट बँडवाल्याकडे. डॉक्टर तपासायला गेले त्या घरी पेशंट म्हणाला, मी अजून जिवंत आहे, वाजंत्री कशाला? त्या दिवसापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक गाणं केलं. गाणं कसलं, दोन ओळींचा चावटपणा, पण इस्त्रीच्या फेऱ्याबरोबर म्हटला की विसरत नाही. हे ऐकतात आणि कपाळावर हात मारतात. उदाहरणार्थ,

डॉक्टरांचे सदरे पाच,
बाह्या वर करून करतात नाच.

बेकरीवाल्याचा सदरा झाडा,
शिंकेनं उडाला शेजारचा गाडा.

तर त्या आठवड्यात मी बँडवाल्याचा कोट घेतला (तो मेला, आता त्याचा मुलगा वाजवतो, म्हणून गाणं नवीन करायचं होतं) आणि पहिली ओळ म्हटली, ‘बँडवाल्याचा कोट लाल.’ पुढं सुचेना. इस्त्री एकाच जागी धरून मी लाल, लाल, लाल करत राहिले, कोटाला वास यायला लागला, आणि टेबलाखालून बारीक आवाज आला,

‘खिशात ढेकूण धरतो ताल!’

विहीणबाई, मी इस्त्री उचलली आणि मटकन खाली बसले. पोरगी हसत होती. पोट धरून. मीही हसले. मग आम्ही दोघींनी त्या ढेकणाचं लग्न लावलं, त्याला सासू दिली, सासूला शिट्टी दिली. (सासू मुद्दाम नाही हो, यमक तसं आलं.) कोटावर इस्त्रीचा डाग राहिला, तो मी आतल्या बाजूनं दाबून बसवला. कुणाला सांगू नका.

यानंतर जे झालं त्यात माझी चूक अर्धीच आहे. कपड्यांना टाचणीनं नावाची चिठ्ठी लावायची असते. ते काम ह्यांचं, पण डोळे बंद, म्हणून मुंगीला सांगितलं, मी बोलते तू लिही. मला वाटलं, ती फक्त नाव लिहील. पण मला नाव आठवायचं तर आधी गाणं म्हणावं लागतं, आणि ती गुणी पोर, जे ऐकलं ते सगळं लिहिलं. एकोणतीस गिऱ्हाइकं, एकोणतीस चिठ्ठ्या, चांगल्या गोल अक्षरात. मी गठ्ठे बांधून देऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेचे मॅनेजर दारात. हातात चिठ्ठी.

मॅनेजरसाहेबांची पँट लांब,
पोट म्हणतं पट्ट्याला, थांब रे थांब!

मी म्हटलं, गेलं दुकान. हे चष्मा काढून आत जाऊन झोपले. मॅनेजर म्हणाले, ‘काकू, घरात आठ दिवस कुणी हसलं नव्हतं. बायको अजून हसतेय. पण सदऱ्यावर चिठ्ठी नाही, राहिली का?’ मग डॉक्टर आले, मग बेकरीवाला आला. (तो रागावला होता, पण बोलता बोलता शिंकला, आणि सगळं दुकान एकदम शेजारच्या गाड्याकडे बघायला लागलं. त्यालाही हसू आवरेना.) आला नाही तो फक्त एक निरोप. मोठ्या बाईंचे कपडेही आमच्याकडेच येतात. त्यांच्या गठ्ठ्यालाही गाणंच लावलंस का, असं मुंगीला विचारलं, तर तिनं मान खाली घातली.

शनिवारी शाळेतून मलाच बोलावणं आलं. मला शेवटच्या बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीला टेकले. तुमची आठवण झाली, तुम्ही असतात तर नीट बोलला असतात. मोठ्या बाई आल्या, कॉलर अशी कडक, की मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागत होतं. (कांजी मीच जरा जास्त घातली होती, कबूल.) मुंगीची पाळी आली. ती उभी राहिली. ओठ घट्ट. मुलं आधीच हसायच्या तयारीत. माझ्या छातीत कुणीतरी गठ्ठे आपटत होतं. आणि मोठ्या बाईंनी खिशातून चिठ्ठी काढून सावकाश, सरकारी नोटिशीसारखी वाचली,

मोठ्या बाईंची कॉलर कडक,
माशीला म्हणते, दुरूनच सरक.

‘हे कुणी लिहिलं?’

मी उठायला गेले, मी केलंय म्हणायला, पण बाकात अडकले. तेवढ्यात मुंगी बोलली. काय बोलली ऐका. ‘मी लिहिलं. पण तुम्ही चुकीचं म्हणताय. असं सपाट नाही म्हणायचं. कडकवर टाळी येते.’ आणि टाळी वाजवून म्हणून दाखवलं. खणखणीत. मोठ्या बाईंनी चिठ्ठी खाली ठेवली, टाळी वाजवून पुन्हा म्हटलं, आणि पुन्हा चुकल्या! मुंगीनं त्यांना दुसऱ्यांदा शिकवलं. सगळा वर्ग टाळ्या द्यायला लागला, मग मॅनेजर झाले, डॉक्टर झाले, ढेकूण सासूसकट झाला. वर्ग हसत होता, पण या वेळी पोरगी त्यांना हसवत होती. मोठ्या बाईंनी वहीत लिहिलं, तोंडी पैकीच्या पैकी. मी बाकातच रडले. उठता येतच नव्हतं, तर म्हटलं रडून घ्यावं.

आणि खास तुमच्यासाठी राखून ठेवलेली बातमी. त्या संध्याकाळी मुंगीनं आपणहून तुमचं पुस्तक उघडलं, टेबलावर बोटं वाजवत ती पहाटेची कविता म्हटली, तिसरी ओळ न अडता पार, आणि ओरडली, ‘आजी, यातपण टाळी आहे गं!’ खरंच होती. मी ऐकली. डोळे झाकून हे म्हणाले, पुन्हा म्हण. त्या कवीला मी बोलले ते मागं घेते. सूर्याला काय वाटेल ते म्हणू दे.

असो. इस्त्री गार झाली. व्याहीबुवांना नमस्कार, कंबरेला जपा, आणि माझ्या चुका पोटात घाला.

तुमची,
दुकानाची आजी

ता. क. मुंगीनं तुमच्यासाठी केलंय, जसंच्या तसं देते:

दूरच्या आजीचं पुस्तक जाड,
पोस्टानं आता आजीच धाड.

‘धाडा’ म्हणायला सांगितलं, तर म्हणाली यमक बिघडतं.

ता. क. दुसरं. वर्गाच्या बाईंची कालच नवी चिठ्ठी आली आहे. मुंगी गणिताच्या तासाला बोलते, चित्रकलेच्या तासाला बोलते, बाई बोलत असताना तर बोलतेच, आणि आता सगळा वर्ग यमकात उत्तरं देतो. पुढच्या सोमवारी घरातलं कुणीतरी मोठं आणि समजूतदार माणूस भेटायला पाठवा, असं लिहिलंय. समजूतदार या शब्दाखाली दोन रेघा आहेत. तेव्हा हे पत्र मिळताच निघा. पोरीचं तोंड मी उघडलं, ते मिटवायला तुम्ही या.